फाईल बिलिंगला जाण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यातील तुमच्या ७१ वर्षांच्या वडिलांना न्यूमोनियासाठी मिरजेतील एका खासगी रुग्णालयात नऊ दिवस ठेवले होते. दहाव्या दिवशी सकाळच्या राउंडला ‘आज सोडतो’ असे सांगण्यात आले, प्रत्यक्षात संध्याकाळी साडेसहाला सोडले, आणि घरी आल्यावर चौथ्या दिवशी पहाटे ते घामाने भिजून निपचित पडल्याचे आईंच्या लक्षात आले. जवळच्या दवाखान्यात साखर तपासली तर ४१ निघाली. ते आता पुन्हा दाखल आहेत आणि शुद्धीवर आहेत. त्यांना घाईने सोडले का, आणि या वेळी सोडताना आम्ही काय पाहावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली २७ वर्षे सांगली-मिरजेत फिजिशियन म्हणून काम करतो आणि या काळात रुग्णांना घरी सोडण्याच्या हजारो कागदांवर सह्या केल्या आहेत, त्यांतल्या काही नंतर मलाच खुपल्या. तुम्ही डिस्चार्ज कार्डावरील ज्या नोंदी उतरवून पाठवल्या आहेत, त्यांवरून माझे मत असे झाले आहे की न्यूमोनियाच्या बाबतीत वडिलांना घाईने सोडलेले नाही. सोडण्याआधीचे दोन दिवस ताप नव्हता, नाडी ८४ होती, श्वासाचा वेग मिनिटाला २० होता, ऑक्सिजन न लावता प्रमाण ९५ होते, ते तोंडाने जेवत होते आणि माणसे ओळखून नीट बोलत होते. न्यूमोनियाचा रुग्ण सोडताना ताप १०० अंशांच्या आत, नाडी १०० च्या आत, श्वास २४ च्या आत, वरचा रक्तदाब ९० च्या वर आणि ऑक्सिजन ९० च्या वर, एवढे आम्ही पाहतो, आणि वडील त्या सर्व कसोट्यांवर उतरत होते. एक गोष्ट मी स्वतः आणखी करतो: रुग्णाला वॉर्डाच्या व्हरांड्यात दोन फेऱ्या मारायला लावून मग पुन्हा बोटाला ऑक्सिमीटर लावतो. खाटेवर ९५ दाखवणारा माणूस संडासापर्यंत जाऊन आला की ८७ वर येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि आपल्याकडच्या वाडी-वस्तीवर संडास बहुधा अंगणापलीकडे असतो.

बिघडले ते साखरेच्या बाजूने. कार्डावर तीन ओळी आहेत. पहिली, प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी, पाच दिवसांत कमी करत बंद करावी. दुसरी, मिश्र इन्सुलिन सकाळी २२ आणि रात्री १४ युनिट. तिसरी, ‘पूर्वीची औषधे चालू ठेवावीत.’ यातली प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे वाचली तर बरोबर आहे; तिन्ही एका माणसाच्या अंगात एकत्र आल्या की घात होतो. न्यूमोनियाबरोबर दम्यासारखी घरघर होती म्हणून स्टेरॉइड दिले गेले, स्टेरॉइडने साखर चढली, चढलेल्या साखरेसाठी इन्सुलिन सुरू झाले आणि ते त्या चढलेल्या साखरेच्या मापाने ठरले. घरी गेल्यावर स्टेरॉइड रोज उतरत गेले, म्हणजे इन्सुलिनची गरजही रोज उतरत गेली, पण कार्डावरचा आकडा मात्र २२ आणि १४ वरच उभा राहिला. त्यात वडिलांची जुनी ग्लिमेपिराइडची गोळी ‘पूर्वीची औषधे’ या नावाखाली पुन्हा सुरू झाली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि वय झालेल्या मूत्रपिंडात तिचा अंमल लांबतो. आजारातून उठलेल्या माणसाची भूक अर्ध्यावर असते, रात्री अर्धी भाकरी आणि दूध घेऊन ते झोपले, असे तुम्हीच लिहिले आहे. मग पहाटे साखर घसरली नसती तरच नवल.

कोणत्याही डिस्चार्ज कार्डावरची मला सर्वांत भीतिदायक वाटणारी ओळ ‘पूर्वीची औषधे चालू ठेवावीत’ हीच आहे. ती लिहिणाऱ्या डॉक्टरला बहुतेक वेळा पूर्वीची औषधे कोणती हे ठाऊक नसते, आणि वाचणाऱ्या घरच्यांना ठाऊक असूनही त्यांतली कोणती आता नकोत हे कळत नाही. याचा दुसरा अवतार म्हणजे एकच औषध दोन नावांनी घेणे. गावच्या डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची गोळी एका कंपनीची, रुग्णालयाने लिहिलेली तीच गोळी दुसऱ्या कंपनीची, पाकिटांचे रंग वेगळे, म्हणून आजी दोन्ही घेतात आणि आठवड्याने न्हाणीघरात चक्कर येऊन पडतात. म्हणून माझ्या रुग्णांच्या नातेवाइकांना मी दाखल होतानाच घरातला गोळ्यांचा डबा, मग ती प्लास्टिकची पिशवी असो वा बिस्किटांचा जुना डबा, जसाच्या तसा उचलून आणायला सांगतो. घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी सिस्टर, रुग्ण आणि मी तो डबा खाटेवर ओततो आणि तीन ढीग करतो: चालू, बंद, आणि मात्रा बदललेली. बंद झालेल्या गोळ्या पुन्हा त्या डब्यात जाऊ देत नाही. या कामाला १५ मिनिटे लागतात, आणि ती १५ मिनिटे घरी सोडण्याच्या दिवशी कधीही मिळत नाहीत.

आता तो दिवस कसा जातो ते सांगतो, कारण तुमच्या साडेसहाचे उत्तर त्यात आहे. सकाळी दहाला राउंडमध्ये निर्णय होतो. निवासी डॉक्टर कार्ड लिहायला बसतो, पण त्याला मध्येच नवीन रुग्णाकडे जावे लागते. उरलेली औषधे मेडिकलला परत जातात, तपासण्यांची नोंद जुळवली जाते, फाईल बिलिंगला जाते, तिथून विमा कंपनीच्या मध्यस्थाकडे, आणि तिकडून एखादी शंका आली की परत वर. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसमध्ये रुग्णालयाने घरी सोडण्याची विनंती पाठवल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी दिली पाहिजे, आणि त्याहून उशीर होऊन रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा आहे. पण हे घड्याळ विनंती गेल्यावर सुरू होते, राउंडला डॉक्टर ‘सोडतो’ म्हणाले तेव्हा नव्हे. तेवढ्या वेळात नातेवाईक खालीवर करून दमलेले असतात, गाडीवाला फाटकाशी थांबून फोनवर फोन करत असतो, आणि नेमक्या त्या क्षणी सिस्टर कार्ड हातात देऊन औषधे समजावून सांगू लागतात. ते कोणाच्याही डोक्यात शिरत नाही, यात सिस्टरचाही दोष नाही आणि तुमचाही नाही. समजावून सांगण्याचे काम आदल्या दिवशी, फाईल बिलिंगला जाण्याआधीच उरकले पाहिजे.

ते कोणाला समजावून सांगितले, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. आपल्याकडे कार्ड घेतो मुलगा, कारण पैसे त्याने भरलेले असतात. इंजेक्शन देते सून किंवा आई, आणि ती त्या वेळी एक तर खाटेजवळ पिशव्या भरत असते किंवा गावी असते. तुमच्या पत्रातही ‘मला सगळे सांगितले होते, पण मी दुसऱ्याच दिवशी पुण्याला कामावर गेलो’ असे वाक्य आहे. मी नर्सिंगच्या मुलींना शिकवताना सांगतो की ज्या हाताने सुई टोचली जाणार आहे, त्या हातात सुई देऊन बघा. ‘समजले का?’ असे विचारले की आपली माणसे मान डोलावतात, कारण नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटते. त्याऐवजी ‘काकू, रात्री साखर ८० आली आणि त्यांनी जेवायला नको म्हटले, तर तुम्ही काय कराल?’ असे विचारावे. काकू ज्या क्षणी गप्प होतात, तिथून खरे शिकवणे सुरू होते.

इन्सुलिनच्या बाबतीत एक गोष्ट घरी जाऊन आजच पाहा. आपल्याकडच्या बाटल्या मुख्यतः ४० युनिटच्या ताकदीच्या असतात आणि त्यांच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. १०० युनिटच्या ताकदीसाठी नारिंगी टोपणाची. ४० च्या बाटलीला १०० ची सिरिंज वापरली तर २० च्या खुणेपर्यंत भरूनही आठच युनिट जातात, आणि साखर उतरत नाही म्हणून डोस वाढवला जातो. उलट १०० च्या औषधाला ४० ची सिरिंज लावली तर २० च्या खुणेला ५० युनिट जातात, आणि पुढचे सांगायला नको. गावच्या मेडिकलमध्ये जी सिरिंज असेल ती पुढे केली जाते, म्हणून रिकामे टोपण खिशात ठेवून तेच दाखवून नवीन घ्यावी. फ्रीज नसेल तर वापरातली बाटली ओल्या वाळूत ठेवलेल्या लहान मडक्यात, सावलीला ठेवावी. एकादशीचा उपवास, विशेषतः आषाढी-कार्तिकीचा, धरणाऱ्यांना मी स्पष्ट विचारतो, कारण ते आपणहून सांगत नाहीत. माळकरी माणूस इन्सुलिन घेऊन दिवसभर पाण्यावर राहतो आणि संध्याकाळी आमच्याकडे येतो.

रुग्ण बरा झाला का, हा निम्मा प्रश्न आहे. घर त्याला घ्यायला तयार आहे का, हा उरलेला निम्मा. हे मला पुस्तकाने शिकवले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा माझ्याकडचे काही रुग्ण घरी जाण्याइतके ठणठणीत झाले होते आणि त्यांची घरे पाण्यात होती. कागदोपत्री त्यांना सोडणे योग्य होते, प्रत्यक्षात सोडायचे कुठे? त्यानंतर मी प्रत्येकाला विचारू लागलो की घर कसे आहे, वरच्या मजल्यावर का, रात्री सोबत कोण, जवळची गाडी कोणाची. जत तालुक्यातील उमदीचा माणूस मिरजेपासून १०० किलोमीटरहून अधिक लांब असतो. ‘काही वाटले तर लगेच या’ हे वाक्य त्याच्या बाबतीत निरर्थक आहे. त्याला नेमके काय झाले तर निघायचे, आणि निघण्याआधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात काय करून घ्यायचे, हे लिहून द्यावे लागते. मिरजेला वैद्यकीय गाव म्हणून १८९४ पासून, वानलेस रुग्णालयाच्या काळापासून, कर्नाटकातूनही रुग्ण येत आले आहेत. अथणी-विजापूरकडच्या आजींना इंग्रजी कार्डही कळत नाही आणि मराठीही नाही. त्यांच्यासाठी वॉर्डातल्या कन्नड बोलणाऱ्या मावशींना बसवून आम्ही गोळ्यांच्या पाकिटांवर सूर्य आणि चंद्र काढून देतो.

ऊसतोड मजुरांचा प्रश्न तर आणखी अवघड आहे. हंगामात बीडकडची कुटुंबे आपल्याकडच्या फडांवर कोप्यांत राहतात. त्यांतल्या एका तरुणाला पाचट ओढताना घोणस चावली आणि सर्पदंशाची लस देऊन, रक्त २० मिनिटांत गोठते की नाही याची चाचणी पुन्हा पुन्हा करून, आम्ही त्याला चौथ्या दिवशी सोडले. त्याच्या कार्डावर ‘सात दिवसांनी तपासणीस यावे’ असे मीच लिहिले होते. सात दिवसांनी त्यांची टोळी दुसऱ्या तालुक्यात होती. या लसीनंतर साधारण पाच दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत ताप, सांधेदुखी आणि अंगावर पित्ताच्या गांधी उठू शकतात. ते विष पुन्हा चढणे नव्हे, लसीची प्रतिक्रिया असते आणि औषधाने बरी होते. त्याला तसेच झाले. घरच्यांना वाटले विष उतरलेच नाही, आणि त्याला मांत्रिकाकडे नेले. तो वाचला, पण आठ दिवसांची मजुरी बुडवून आणि मुकादमाकडून घेतलेली उचल वाढवून. तेव्हापासून सर्पदंशाच्या प्रत्येक कार्डावर, शिराळ्याचा रुग्ण असो की वाळव्याचा, लसीच्या प्रतिक्रियेबद्दलची वरची दोन वाक्ये मी मराठीत हाताने लिहितो.

डेंग्यूबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पावसाळ्यात हा वाद रोज होतो. ताप उतरला म्हणजे सोडा, असा घरच्यांचा आग्रह असतो, आणि नेमका ताप उतरल्यानंतरचा एक-दोन दिवसांचा काळच धोक्याचा असतो. तापाचे औषध न देता किमान २४ तास ताप नसावा, भूक परतावी, लघवी व्यवस्थित व्हावी आणि प्लेटलेट ५०,००० च्या वर जाऊन चढत्या असाव्यात, मगच सोडावे.

बाळंतिणीच्या बाबतीत सरकारी दवाखान्यात व्यवस्था पुष्कळ आखीव आहे: जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरी सोडणारी गाडीही मोफत असते, आणि पुढे आशाताईंच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात. ७१ वर्षांच्या माणसाला घरी सोडल्यानंतर तिसऱ्या दिवशी कोणी दारात येऊन विचारत नाही. तुमच्या वडिलांकडे तसे कोणी आले असते तर चौथी पहाट टळली असती, असे मला वाटते.

पैशांविषयी आणि हक्कांविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी दोन गोष्टी सांगतो. बिल थकले म्हणून रुग्णाला अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयाला नाही. वसुलीसाठी त्यांना दिवाणी मार्ग मोकळा आहे. कागदपत्रांच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत द्याव्यात, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत आहे, म्हणून फक्त कार्डावर समाधान न मानता तपासण्यांचे अहवालही घ्यावेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील तर घरी सोडल्यावर १० दिवसांपर्यंतची फेरतपासणी पॅकेजमध्येच धरलेली असते. रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राला ते विचारावे, लोक उगीच पैसे भरतात.

सोडतेवेळी न आलेले अहवाल ही वेगळी डोकेदुखी आहे. पूर्वी एका ठिकाणी मी काम करत असताना पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर तपासणीला पाठवलेल्या तुकड्याचा अहवाल आठ दिवसांनी आला, तोवर रुग्ण घरी गेलेला होता, आणि तो कागद एका खणात दोन महिने पडून राहिला. त्यात जे होते ते दोन महिने आधी कळायला हवे होते. त्यानंतर मी कार्डावर तळाशी ‘बाकी असलेले अहवाल’ असा चौकोन आखून घेतला आणि त्यात अहवाल कोण आणणार त्याचे नाव लिहू लागलो.

वाराचाही एक किस्सा आहे. आपल्याकडे अमावास्येला किंवा शनिवारी घरी न्यायला लोक नाखूश असतात आणि तरुण डॉक्टर त्यावर हसतात. मी शनिवारपुरता घरच्यांच्या बाजूने असतो, अर्थात शनीसाठी नव्हे. शनिवारी संध्याकाळी सोडलेला रुग्ण रात्री गावी पोहोचतो, रविवारी गावातले मेडिकल आणि दवाखाना दोन्ही बंद, आणि कार्डावरचे एखादे औषध मिळाले नाही तर सोमवारपर्यंत खंड पडतो. हृदयात स्टेंट बसवलेल्याच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांत असा खंड परवडत नाही. म्हणून किमान पाच दिवसांची औषधे हातात आल्याशिवाय, आणि ती कार्डाशी एकेक जुळवल्याशिवाय, खाट सोडू नये.

आता या वेळी. ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली साखर ग्लुकोज देऊन वर आली तरी काही तासांनी पुन्हा घसरू शकते, म्हणून किमान २४ तास, मूत्रपिंड मंद असेल तर त्याहून अधिक काळ, त्यांना देखरेखीखाली ठेवतील. ‘आता तर बोलतायत’ म्हणून सही करून, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेऊ नका. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन किती आहे ते विचारा. स्टेरॉइड आता बंद आहे, तेव्हा इन्सुलिन मुळात लागते आहे का आणि लागत असेल तर किती, हे किमान एक पूर्ण दिवस घरच्यासारखे जेवण देऊन, ज्वारीची भाकरी आणि भाजी, साखर मोजून ठरवावे, अशी विनंती करा. रुग्णालयाच्या खिचडीवर ठरवलेला डोस घरच्या ताटाला लागू पडत नाही. आईंना उद्याच गावाहून बोलावून घ्या आणि सिस्टरच्या समोर त्यांच्याकडून सिरिंज भरवून घ्या. ७० च्या खाली साखर आली आणि शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता गाडी किंवा १०८, हे आईंच्या तोंडून म्हणवून घ्या. जुन्या गोळ्यांचा डबा त्यांच्याबरोबरच मागवा. आणि निघताना वडिलांच्या मनगटाकडे एकदा पाहा: या गडबडीत हातातले इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनची नळी, काढायचे राहून रुग्ण तासगावच्या एसटीत बसलेला मी स्वतः पाहिला आहे.